पहिली रिंग दादाची

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी. एकाच्या घरची वायर दुसऱ्याच्या घरात खुपसली की दोघं बोलायला मोकळे. अख्ख्या गावाचे नंबर मला तोंडपाठ होते. कुणी नुसतं "वखार द्या हो बाई" म्हटलं तरी मी जोडून द्यायचे. आवाजावरून माणूस ओळखायचे. कुणाला सर्दी झालीय, कोण घरच्यांना चोरून फोन करतंय, कुणाचं घरात बिनसलंय, सगळं कळायचं. तेव्हापासून माझा थोरला भाऊ, आमचा दादा, मला हॅलोबाई म्हणतो. म्हणायचा, असं सांगायला हवं खरं तर. कारण गेली कित्येक वर्षं तो माझ्याशी बोललेला नाही. मीही त्याच्याशी नाही.

पण त्याची रिंग मात्र रोज यायची.

ही रिंगची भानगड जुनी आहे. दादा परगावी नोकरीला लागला, डब्यांच्या कारखान्यात, पत्रा ठोकायच्या मशीनवर. तोवर बाहेरगावी थेट फोन लावता यायला लागला होता, पण उचलला की पैसे पडायचे. मग मीच त्याला युक्ती शिकवली. सगळं ठीक असेल तर एक रिंग द्यायची आणि ठेवायचं. आम्ही उचलणार नाही. उलट मी एक रिंग देईन, म्हणजे इकडेही ठीक. आणि काही वाईट झालं, माणसाची गरज लागली, तर शेवटपर्यंत वाजू द्यायचं, आपोआप बंद पडेपर्यंत. मग समोरच्याने असेल तसं उठून निघायचं. पहिली रिंग दादाची, कारण तो मोठा. ज्या खात्याचं मीठ खाल्लं त्याच खात्याला मी असा चुना लावला, आणि बोर्डावर बसून लोकांना मात्र विचारायचे, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?"

पुढे फोन स्वस्त झाले आणि आम्ही रीतसर बोलायला लागलो. ते मोडलं माझे यजमान आजारी पडले तेव्हा. हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून मी दादाला फोन लावला. सांगतेय काय, तर डॉक्टर म्हणतात आता आशा धरू नका. आणि हा म्हणतो, "हो हो, जेवलो मी." मी म्हटलं, अरे, यांना आत नेलंय. तर म्हणे, "तब्येत छान आहे. काळजी करू नकोस." पुढच्या फोनलाही तेच, त्याच्या पुढच्यालाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथे माझं घर बसायची वेळ आली आणि याला आपल्या जेवणाचं पडलंय. माझा राग तसाही नाकावरच असतो. "माझ्याशी धड बोलायचं नसेल तर फोन करू नकोस," असं मी इतक्या जोरात ओरडले की बाकावर झोपलेला एक गृहस्थ उठून बसला. दादाने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त एक रिंग आली.

यजमान गेले तेव्हा तो आला होता, याच घरी. कोपऱ्यात बसून राहिला. लोक येऊन त्याच्याशी बोलत होते आणि हा नुसती मान हलवत होता. कुणी विचारलं कधी आलात, तरी मान हलवली. नणंद माझ्या कानाशी म्हणाली, "भाऊ भारीच मिजासखोर दिसतो तुमचा." मी मनात म्हटलं, बरोबर ओळखलंस. जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मान वर केली नाही.

त्यानंतर आमचं सगळं नातं त्या एका रिंगवर आलं. सकाळी चहाला उकळी आली की त्याची रिंग, मग माझी. कुणी उचलायचं नाही. कळायचं की हा आहे. त्यालाही कळत असेल की ही आहे, अजून मेलेली नाही, अजून रागावलेलीच आहे. तेवढं झालं की माझा दिवस बोलण्यापुरता संपायचा.

खोटं कशाला सांगू, फार एकटं वाटतं मला इथे. मुलगा दूर देशी. फ्लॅट त्यानेच घेऊन दिला, चांगला आहे. आधी खाली दाराशी वॉचमन असायचा. मेला निम्मा वेळ झोपलेला असायचा, पण जागा असला की सुनेच्या तक्रारी सांगायचा. आता त्याच्या जागी भिंतीवर यंत्र आहे. बटणं दाबायची, आकडे बरोबर असले की दार उघडतं. आतून एक बाई बोलते, पण ती माणूस नव्हे. दूध दाराला लटकवून जातात. भाजी फोनवरून मागवली की कुणीतरी आणून ठेवतं आणि बेल दाबून पळतं. दिवसभरात चार हात माझ्या दाराला लागतात, तोंड एकाचंही दिसत नाही. लिफ्टमध्ये शेजारीण भेटली तर ती फोनवर असते. माझ्याकडे बघून हसते, बोलते मात्र तिसऱ्याशीच.

म्हणूनच तो बँकवाल्याचा प्रकार झाला. एकाने फोन केला, म्हणे बँकेतून बोलतोय, कार्डावरचे आकडे सांगा. चोर आहे हे मला त्याच्या पहिल्या वाक्यात कळलं. आवाज ओळखण्यात आयुष्य गेलं माझं. पण मी फोन ठेवला नाही. त्याचं गाव विचारलं, घरी कोण कोण विचारलं, हे धंदे का करतोस म्हणून झापला. शेवटी त्यानेच कंटाळून ठेवला. हे मी मुलाला फोनवर कौतुकाने सांगितलं तर त्याचा आवाजच उतरला.

"आई, तू त्याच्याशी एवढा वेळ बोललीस?"

"तो ऐकत होता ना," मी म्हटलं.

सुट्टीला आला तेव्हा त्याने नवा फोन आणला, काचेचा. नंबर जुनाच ठेवला. त्यात त्याने काय काय केलं आणि म्हणाला, "आता तुला कुणी फसवणार नाही. ओळखीचे असतील तेवढेच फोन वाजतील. माझा नंबर टाकलाय, डॉक्टरांचा टाकलाय. आणखी कुणाचे टाकू?"

"कुणाचे नकोत. मला सगळे पाठ आहेत."

ताठ्यात म्हटलं होतं मी ते. नंबर लिहून ठेवणं, फोनमध्ये साठवणं हे विसराळू लोकांचं काम, असं माझं पहिल्यापासून मत. जुन्या फोनमध्येही मी एकही नाव टाकलं नव्हतं.

मुलगा परत गेला. दुसऱ्या दिवशी चहाला उकळी आली, रिंग आली नाही. म्हटलं उशीर झाला असेल. चहा गार झाला, तो तसाच प्यायले. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. फोन हातात घेऊन बघितला तर काचेवर कोपऱ्यात लाल ठिपके, त्यात आकडे. असले ठिपके त्या फोनवर शंभर ठिकाणी येतात, कुठे कपड्यांचा सेल, कुठे कर्ज घ्या. मी कशाला बघतेय?

पहिले काही दिवस मला रागच आला. म्हटलं, एवढी वर्षं निभावलं आणि आता कंटाळा आला का? मग म्हटलं, मी का म्हणून आधी देऊ? पहिली रिंग त्याची. मोठेपणा हवा तर मोठ्याने पाळावा. चहाला उकळी यायची आणि मी गॅस बारीक करून उभी राहायचे, कान देऊन. नंतर नंतर राग कुठे गेला कळलंच नाही. वहिनी जाऊन बराच काळ झालाय, दादाला मूलबाळ नाही, एकटाच असतो. एकट्या माणसाला काही झालं तर कळणार कुणाला? मला कळलं असतं, रिंग आली नाही म्हणून. आणि मला ते कळलेलंच होतं की इतके दिवस. मी मात्र मानापमान कुरवाळत बसले होते.

त्या सकाळी मी चहा ठेवलाच नाही. सरळ त्याचा नंबर फिरवला. एक रिंग देऊन ठेवायचं, हे डोक्यातून गेलंच. मला फक्त त्याचा आवाज हवा होता. वाजत राहिला, वाजत राहिला आणि बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा शेवटपर्यंत वाजला. उचलला नाही. नंतर मी फोन समोर ठेवून बसले, उलट रिंग येते का बघत. चिडीचूप. मुलाला लावला, तर तो दबक्या आवाजात म्हणाला, "आई, मीटिंगमध्ये आहे गं. मामा ठीकच असेल. रात्री बोलू." त्याचंही बरोबर आहे, मामा त्याला आठवत असेल तो लहानपणीचा.

पिशवीत एक साडी आणि गोळ्या टाकल्या आणि बस पकडली.

बसमध्ये शेजारी एक मुलगी होती, कानात बोंडं घालून. तिला विचारलं, ही मधे कुठे थांबते का गं. तिने एका कानातलं बोंड काढलं, गोड बोलून सांगितलं आणि परत घातलं. सगळी बस आपापल्या तळहातात बघत होती. मला कुणाला तरी सांगायचं होतं की माझा भाऊ बहुतेक गेला आणि मी त्याच्याशी बोलत नव्हते. सांगितलं असतं तर त्या पोरीने ऐकलंही असतं बिचारीने. पण कसं सांगायचं, सुरुवात कुठून करायची, तेच सुचेना. खिडकीकडे तोंड करून बसले.

दादाची खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. दाराला कुलूप होतं. कुलूप म्हणजे हॉस्पिटल, नाहीतर त्याच्याही पुढचं. पायरीवर बसले तशी बाजूच्या दुकानातली शिवणवाली बाई मशीन थांबवून बाहेर आली. चाळिशीची, गळ्यात टेप.

"तुम्ही हॅलोबाई का?" तिने विचारलं.

त्या नावाने मला हाक मारणारा जगात एकच माणूस.

"ते तर तुमच्याकडेच गेलेत," ती म्हणाली. "सकाळी फोन थरथरायला लागला तो थांबेचना. परत एकदा तसाच. म्हणाले, हॅलोबाईची लांब रिंग आली, तिला माणूस लागतोय. चहाचा कप माझ्या टेबलावर तसाच टाकून पळाले. तुम्ही बऱ्या आहात ना?"

जीव भांड्यात पडला आणि लगेच राग आला. "मला काय धाड भरलीय? आणि हा बरा आहे तर इतके दिवस रिंग का दिली नाही?"

"अहो, रोज देतात की. माझ्यासमोर, याच पायरीवर बसून. मग फोन तळहातावर ठेवून तुमच्या रिंगची वाट बघतात. हाताला कळते ना ती. हल्ली येत नव्हती. मी म्हटलं, लांब रिंग देऊन बघा, तर म्हणाले, ती फक्त वाईट वेळेसाठी असते. रागावली असेल, येईल तिची."

"हाताला कळते म्हणजे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्यांना ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत नाही?"

मला आत नेऊन तिने कापड बेतायचं टेबल दाखवलं. काळ्या पृष्ठभागावर शिंप्याच्या खडूने लिहिलेलं होतं, 'घर सापडेल ना?' आणि त्याखाली, 'पोचलात की एक रिंग द्या.' बाजूला दादाचा कप, अर्धा भरलेला.

"ते बोलतात, मी इथे लिहिते आणि हाताने पुसते," ती म्हणाली. "मी दुकान घेतलं तेव्हाच कान गेलेले होते. मशीनने खाल्ले म्हणाले, हळूहळू. आधी फोनवरचं कळेनासं झालं, मग समोरचं. लोकांना सांगायला लाजतात. नुसती मान हलवतात."

मी कप उचलला, परत खाली ठेवला. मला व्हरांडा आठवला. हो हो, जेवलो मी. तब्येत छान आहे. त्याला माझा एक शब्द पोचत नव्हता. बहिणीचा फोन आलाय म्हणजे ती पहिलं काय विचारेल, तर जेवलास का. दुसरं काय विचारेल, तर तब्येत कशी आहे. तो अंदाजाने माझ्या मायेला उत्तरं देत होता. आणि मी, आवाजावरून गाव ओळखणारी, मला माझ्या सख्ख्या भावाचे गेलेले कान ओळखता आले नाहीत. मी त्या परक्या बाईच्या दुकानात, कापडाच्या ढिगावर बसून रडले. तिने मशीनवरची चिंधी दिली डोळे पुसायला.

मग ती म्हणाली, "पण ते रोज रिंग देतात तर तुम्हाला येत का नाही? नंबर सांगा तुमचा."

सांगितला. तिने लावला. फोन माझ्या हातात होता. काच उजळली, नंबर आला, पण आवाज नाही की थरथर नाही. पडलेल्या झुरळासारखा मुकाट. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि खटाखट कुठे कुठे बोट लावलं.

"यात अनोळखी लोकांचा आवाज बंद करून ठेवलाय. त्यांचा नंबर टाकला नाहीत का?"

"मला पाठ आहे तो."

"तुम्हाला पाठ आहे हो. फोनला कुठे पाठ आहे?"

माझ्याच फोनने माझ्या भावाला रोज सकाळी अनोळखी म्हणून दारातून परत पाठवलं होतं. तिने ते बंद केलं. मी म्हटलं, त्याला मेसेज टाक. तर म्हणाली, त्यांच्या फोनवरची अक्षरं मुंगीएवढी, त्यांना दिसत नाहीत. मग मीच त्याचा नंबर फिरवला आणि वाजू दिला. तीन-चार रिंग झाल्या आणि, आमच्या नियमात कधीच बसलं नसतं ते झालं. त्याने उचलला.

पहिला आवाज आला तो त्याचा नव्हता. बाईचा होता. "क्रमांक चुकीचा आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा." मी लगेच ओळखला. आमच्या इमारतीच्या दारातली बाई.

"हॅलोबाई," दादा म्हणाला. मोठ्याने, चढउतार नसलेला, म्हातारा झालेला आवाज. "तूच असशील. मला दुसरं कोण फोन करतंय. बोलू नकोस, मला काही कळायचं नाही. ऐकू येत नाही मला. कधीचंच येत नाही. तुला सांगायचं राहून गेलं."

"दादा, मी तुझ्या दारात आहे," मी म्हटलं.

"मी तुझ्या दारात उभा आहे," तो म्हणाला. "खालचा तो माणूस दिसत नाही तुमचा. बटणं आहेत. सगळी दाबली मी. कुणी काही बोलत नाही इथे."

मागे ती बाई स्पष्ट बोलत होती. कृपया घराचा क्रमांक दाबा. कृपया पुन्हा प्रयत्न करा. शिवणवाली कुजबुजली, "शेजारी कुणाला तरी सांगा ना, दार उघडतील." मी नाही म्हणून मान हलवली. अख्खं गाव ज्या बाईला पाठ होतं, तिला आपल्या मजल्यावरच्या एकाही घराचा नंबर माहीत नव्हता. नावंही दारावरच्या पाट्यांवर वाचलेली तेवढीच.

मी बोलतच होते. त्याला ऐकू जात नाही हे कळूनही थांबता येईना. हे गेले तेव्हा मान वर केली नाही ते सांगितलं, एवढ्या वर्षांत काय काय झालं ते, जे आठवेल ते. माझं बोलणं चालू असतानाच तो आपलं बोलत होता.

"तुला काही झालं असेल तर परत वाजव, शेवटपर्यंत. मी दगड घालून काच फोडतो दाराची. आणि बरी असशील, बाहेर कुठे गेली असशील, तर ठेव आणि एक रिंग दे. मी बसतो इथे पायरीवर. घाई करू नकोस. जेवून ये."

मी फोन ठेवला. त्याचा नंबर दोनदा चुकला, आयुष्यात पहिल्यांदा. तिसऱ्यांदा लागला. एक रिंग जाऊ दिली आणि कापला.

मग माझ्या हातातला फोन खणखणीत वाजला. काचेवर नाव नव्हतं, नुसते आकडे, मला पाठ असलेले.

शिवणवाली म्हणाली, "उचला ना."

"नाही," मी म्हटलं. "हा उचलायचा नसतो."